बिघडलेलं डिझेल

देवीदासने डिझेलची कॅन टेबलावर आदळली.

“वास घे,” तो म्हणाला.

पंपाचा मालक अनुप जेवत होता. त्याने डबा बाजूला सारला. “काकाजी, परवाच तं तपासून देलं तुमाले.”

“आज पुन्हा तपास.”

अनुपने काचेच्या उंच नळीत डिझेल ओतलं, त्यात घनतामापक सोडला आणि आकडा दाखवला. आकडा बरोबर होता.

“आकडा तुह्या घरी ठेव. माहा ट्रॅक्टर काळा धूर ओकून राह्यला. हरभरा पेरायचा हाये मले, इंजिन खडखड करते. बायको मेली तवापासून तू मले लुटून राह्यला. म्हातारा एकटा हाये, घरात विचारणारं कोणी नाई, द्या याले रॉकेल मिसळून.”

“पोळ्यापर्यंत तं तुमीच साऱ्या गावाले सांगे, अनुपच्या पंपाचं डिझेल एक नंबर हाये म्हून.”

“तवा होतं.”

“आताबी तेच हाये, काकाजी. तोच टँकर, तीच टाकी.”

“तहसीलदाराकडं जातो मी. तुहा पंप बंद करतो का नाई पाय.”

कॅन उचलून तो ट्रॅक्टरवर चढला. ट्रॅक्टर जुना होता. पण त्याचा धूर दिसत नाही, म्हणून देवीदास चारचौघांत मिरवायचा. निगा माझी आहे, म्हणायचा. आता मागे काळा लोट सुटला होता आणि मोटरसायकलवाले तोंडाला रुमाल लावून पुढे निघून जात होते. प्रत्येकाला त्याने मनातल्या मनात शिवी दिली.

सुभद्रा पोळ्यानंतर गेली. तेव्हापासून घर जागेवर नव्हतं. गाय दूध चोरायची. भाकर करपायची. सकाळी तो अंगणात ट्रॅक्टर सुरू करायचा तेव्हा घरातून तळणाचा वास यायचा, तोही बंद झाला. आणि या सगळ्यात लोक लुटायला बसलेले.

गोठ्यापुढे मालवाहू ऑटो उभा होता. वच्छला आणि दोन बाया पिंपं चढवत होत्या. सुभद्राने या बायांचा बचत गट उभा केला होता. राजापेठेतल्या भजे-कचोरीच्या गाड्यांवरचं वापरलेलं तेल त्या आणायच्या आणि गोठ्यातल्या यंत्रावर त्याचं बायोडिझेल करायच्या. चार गावचे ट्रॅक्टरवाले ते डिझेलमध्ये मिसळायला न्यायचे. देवीदासने कधी घेतलं नाही. सुभद्राने शेवटची दोन वर्षं याच गोठ्यात घालवली, अंगात ताप असतानाही ती इथेच यायची, याचा त्याला राग होता. आजच्या आज गोठा खाली करा, असं त्याने बजावलं होतं. बायांना दुसरी जागा मिळाली नव्हती. त्यांनी यंत्र विकायला काढलं होतं. आज काम संपत होतं.

“झालं का नाई अजून?”

“होऊन राह्यलं, भाऊजी.” वच्छलाने धुराकडे पाहिलं. “ट्रॅक्टरले काय झालं?”

“त्या अनुप्याले विचार. डिझेल बिघडवलं त्यानं.”

“टाकीत डिझेल कोण टाकते आता?”

“मीच टाकतो. दुसरं कोण बसलं हाये?”

“आन पयले?”

“ती टाके.”

पंपावरून कॅन आणून तो गोठ्यात ठेवून द्यायचा. धार काढून झाली की सुभद्रा डिझेल धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि टाकी भरायची. त्याला तेवढा धीर नव्हता. तो भरल्या टाकीवर येऊन बसायचा.

वच्छलाने एका पिंपावरचा स्टीलचा गडवा उचलला. “हे तिचं माप. चार गडवे तुमच्या कॅनमधले आन एक याच्यातला.”

“खोटं बोलू नोको. तुमच्या मीटिंगमधी सांगतलं होतं मी, हॉटेलातलं जळकं तेल माह्या इंजिनात पडणार नाई.”

“सांगतलं ना. भजे तळायची गाडी नाई माही, म्हणाले तुमी. साऱ्या बाया हासल्या. तीबी हासली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून टाकू लागली.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“मंग तुमी टाकू देलं असतं?”

ट्रॅक्टरची टाकी तळाला आली होती. वच्छलाने इंजिन बंद करायला लावलं. तिने त्याच्या कॅनमधले चार गडवे मोजून टाकीत ओतले, मग पिंपाची तोटी सोडून पाचवा भरला.

“चालू करा. नाई फरक पडला तं ही पिंपं मी सोता नाल्यात नेऊन टाकते.”

त्याने इंजिन सुरू केलं. पहिल्यांदा काळाच धूर आला. तो तिच्याकडे रागाने पाहत राहिला. मग धूर पातळ होत गेला. खडखड कमी झाली. वारा फिरला आणि नळकांड्यातला धूर त्याच्या तोंडावर आला.

तळणाचा वास होता.

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलं. दाराला कडी होती.

“पिंपं खाली घ्या,” तो ओरडला. बाया जागच्या हलल्या नाहीत, तसा तो आणखी जोरात ओरडला, “ऐकू येते का नाई? होती तिथं ठेवा.”

इंजिन चालूच होतं. त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. रोज सकाळी याच सीटवरून तो घराकडे तोंड करून खेकसायचा, “रोज तळते कोणासाठी? माह्या ताटात तं काई पडत नाई.”

“तुमच्याचसाठी,” सुभद्रा गोठ्यातून म्हणायची.