उटणं

नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून आंघोळ केली, की माणूस नरकात जात नाही. मुकुंदराव त्या दिवशी आंघोळ करून फक्त रेडिएशनला गेले.

"काका, छातीवरच्या खुणा कुठायत?" टेक्निशियन ओरडला. किरण फुप्फुसातल्या गाठीवरच पडावेत म्हणून शाईने आखलेल्या रेघा बायकोने, हेमलताबाईंनी, घासून काढल्या होत्या.

"पाणी लावू नका म्हटलं होतं ना!"

"वर्षाचा सण हो," त्या पुटपुटल्या.

खुणा आखणारे दिवाळीच्या सुट्टीवर होते. "असा खंड पडला की गाठीला फावतं," डॉक्टर म्हणाले.

घरी हेमलताबाई फराळाला शिवल्या नाहीत. "माझ्यामुळे तुमचं काही बरंवाईट..."

"सिगारेटी काय तू ओढल्यास?" मुकुंदरावांनी चकली मोडून अर्धी बायकोच्या हातावर ठेवली.

सोमवारी नव्या खुणांसाठी स्कॅन झाला. कॅन्सर केव्हाच यकृतात पोचला होता. खुणा परत आखल्याच नाहीत.