प्रॉक्टरी खोकला

माझी आई विद्यापीठात प्रॉक्टर आहे. म्हणजे वसतिगृहांतून फेऱ्या मारायच्या आणि नियम मोडणारी मुलं पकडायची, हे तिचं काम. त्यावरून आमच्या घरात एक विशेषण रुळलंय: प्रॉक्टरी. आईची नजर प्रॉक्टरी, चाल प्रॉक्टरी, "कुठे होतीस?" हे तर अगदीच प्रॉक्टरी. पण सगळ्यात प्रॉक्टरी तिचा खोकला. तो पॅसेजच्या वळणावर ऐकू आला रे आला, की माझा मोबाइल उशीखाली आणि इतिहासाचं पुस्तक मांडीवर. अभ्यासाच्या वेळी मोबाइल दिसला, तर तो परीक्षा संपेपर्यंत कपाटात जाईल, असं तिने बजावून ठेवलंय. मी अजून एकदाही सापडलेले नाही. चपळाई अंगातच असावी लागते, असं मी दादाला ऐकवतेसुद्धा.

परीक्षा जवळ आल्या तसा आईचा खोकला फारच वाढला. शेवटी बाबांनी तिला बळेच डॉक्टरकडे नेलं. मीही शेपटासारखी मागोमाग गेले.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती तपासली. "सगळं ठणठणीत आहे. खोकला नेमका येतो कधी?"

"वळण आलं की."

"कुठलं वळण?"

"कुठलंही. वसतिगृहातलं, घरातलं." पर्सची चेन लावत, माझ्याकडे न बघता आई म्हणाली, "न खोकता गेलं, तर मुलं सापडतात हो."