माहेरचा आजार

लेकीला स्तनाचा कॅन्सर निघाला तेव्हा बापू बायकोला सरळ म्हणाले होते, "हे तुझ्या माहेरचं. बायकांचे आजार आईकडूनच येतात." लेक बरी झाली, पण ते बोलणं घरात तसंच राहिलं.

आता बापूंनाच प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी बापलेकीचं रक्त तपासून घेतलं आणि आज सांगितलं, "दोघांच्या जनुकात एकच दोष आहे. बाईत त्यातून स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, पुरुषात प्रोस्टेटचा. मुलीकडे तो तुमच्याकडून गेलाय."

बाहेर बाकावर बायको पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. बापू तिच्याशेजारी टेकले, लगेच उठले, खिडकीपर्यंत जाऊन परत आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"होईन म्हणे बरा." मग घसा खाकरत, फरशीकडे बघत त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं.

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं, असं बापूंना झालं. पण तिने पिशवीतून फोन काढला आणि नंबर लावला.

"आई, जेवलीस का?" मग ती म्हणाली, "अगं, ते आपल्याकडून नव्हतं."