तिसरा भाग की सातवा?

‘सातवा भाग आला म्हणे. घ्यायचा का?’

पडद्यावर सासऱ्यांचा निरोप उमटला. ती घरीच दातांच्या कवळ्या बनवायची. दुपारी साच्यातलं प्लास्टर घट्ट होईपर्यंत हाताला काम नसे, तेवढ्या वेळात ती हा खेळ खेळायची. नवऱ्याच्या नावाने.

जादूगार, राक्षस आणि शापित किल्ल्यांच्या या खेळाचा तिसरा भाग बापलेक एकेकाळी शेजारी बसून खेळत. सासऱ्यांचं घड्याळांचं दुकान दुपारी बंद असे, तेव्हा खेळात ते लोहार व्हायचे आणि मुलगा तिरंदाज. पुढे मुलाने दुकान सांभाळायला साफ नकार दिला, नकाशे काढायची नोकरी धरली, आणि दोघांतून विस्तव जाईना. सासरे नाकावर माशी बसू न देणारे, आणि नवरा शेवटी त्यांचाच मुलगा. लग्नाला सासूबाई एकट्याच आल्या, कोपऱ्यात बसल्या आणि अक्षर न बोलता गेल्या.

मग एका दुपारी तिने गंमत म्हणून नवऱ्याचा जुना तिरंदाज उघडला, तर खेळातल्या गिरणीपाशी लोहार उभा!

‘तू आहेस का रे?’ लोहाराने विचारलं.

‘हो बाबा, मीच,’ तिने टाइप केलं. ते सोंग जे गळ्यात पडलं, ते पडलंच.

लोहार रोज आधी ‘जेवलास का?’ विचारी, मगच राक्षसाच्या वाटेला जाई. लढाई तिच्यावर सोडून तो मागे थांबे आणि तिच्या जखमांना झाडपाला लावी. वय झालं की माणूस मऊ पडतो, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. अजून थोडे मऊ होऊ देत, मग दोघांना समोरासमोर बसवायचं आणि खरं काय ते सांगायचं, असा तिचा बेत होता. त्याआधी बिंग फुटलं तर मात्र बापलेकांनी जन्मात एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं.

‘उद्या सांगतो,’ असं लिहून ती कवळीकडे वळली.

संध्याकाळी भांडी पुसता पुसता तिने नवऱ्याला विचारलं, “अरे, तुझ्या त्या खेळाचा नवा भाग कसा आहे?”

नवऱ्याने तो मित्राकडे खेळून पाहिला होता. त्याची कळी खुलली.

“दिसायला झकास! गवताचं पातंन् पातं हलतं. पण जुन्याची सर नाही. तिसऱ्या भागात गिरणीवाला नुसतं सांगायचा, ओढ्याच्या कडेने जा, जळक्या झाडापाशी वळ. आपण चुकायचो, भलत्याच गुहेत शिरून मार खायचो. आता पायाखाली सोनेरी रेघ उमटते. तिच्यावरून चालत राहायचं, झालं.”

“वाट सापडली तर बिघडलं कुठे?”

“अगं, वाट सापडते, पण चुकायची मजा गेली. आणि तिसऱ्यात एका गावात थाप मारली की पुढच्या गावात लोक दार लावून घ्यायचे. सातव्यात वाट्टेल ते ठोकून द्या, कुणाला सोयरसुतक नाही.”

थापेचं नाव निघताच तिने पुसलेलीच बशी पुन्हा पुसायला घेतली.

“एक मात्र बरं केलंय,” तो म्हणाला. “टाइप करायची कटकट गेली. माइक लावायचा आणि जोडीदाराशी सरळ बोलायचं.”

“लिहायची सोयच नाही?”

“नाही. कशाला हवी?”

सगळी सोंगं आणता येतात, आवाजाचं कसं आणणार? दुसऱ्या दुपारी तिने नवऱ्याचंच म्हणणं लोहारापुढे मांडलं. गवत, सोनेरी रेघ, गावकरी, सगळं. शेवटी लिहिलं, ‘तिसराच बरा, बाबा.’ आणि ती वादाच्या तयारीने बसली, कारण सासरे कुणाचं ऐकत नाहीत ही घरातली जुनी ख्याती.

उत्तर लगेच आलं. ‘अगदी माझ्या मनातलं बोललास. आपण इथेच राहू.’

तिचा जीव भांड्यात पडला. पण संध्याकाळी नवरा चहाचा कप हातात घेऊन नुसताच बसून राहिला.

“काल तू खेळाचं विचारलंस आणि आज दिवसभर बाबाच डोक्यात,” तो म्हणाला. “त्यांनी सातवा भाग पहिल्याच दिवशी आणला असता. नवं काही आलं की त्यांना दम निघायचा नाही. मी जुन्याची बाजू घेतली असती आणि आम्ही मस्त भांडलो असतो.”

तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं आणि आता हा भडकणार असं धरून चालली.

तो भडकला नाही. खेळ उघडून जुने निरोप वाचत राहिला.

“‘जेवलास का’ असं बाबांनी मला आयुष्यात कधी विचारलं नाही,” तो म्हणाला. डोळे भरून आले होते. “आणि मी गाढवासारखा अडून बसलोय.”

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. तिलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

“कोण?” सासऱ्यांचा आवाज.

“बाबा, मी.”

पलीकडून एक खाकरणं. “बोल.”

“बाबा, चुकलं माझं. तुम्ही एवढं पुढे आलात, मला पत्ताच नाही. तुमच्याशी खेळत होती ती माझी बायको. उद्यापासून मी खेळेन.”

“कसला खेळ?”

“आपला, तिसरा भाग. रोज दुपारी खेळता तो.”

“दुकान आता दुपारी बंद नसतं. मी तिथेच असतो,” सासरे म्हणाले. “घरी तुझी आई एकटीच असते.”