करंड्यातलं मेण

बहात्तरच्या दुष्काळाची पाहणी करून गेलेले साहेब पडताळणीला पुन्हा खर्ड्याला आले. हातात घरटी एक पुठ्ठ्याचं कार्ड, बारीक भोकं पाडलेलं. पुण्यातला कॉम्प्युटर म्हणे भोकंच वाचायचा. गोजरबाईनं आपलं कार्ड शेजारणीच्या कार्डाला लावून उन्हात धरलं. "माज्यात हितं एक भोक जास्त का हाय?" साहेब अडखळले. "तिथं भोक म्हणजे बाई विधवा." तिचा नवरा कामासाठी मुंबईला गेला होता, वर्षभर खबर नव्हती, एवढंच. त्याच्या वाट्याचं रान दीर कसत होता. "ह्ये तुमाला कुनी सांगितलं?" साहेबांनी ओट्यावरच्या दिराकडं पाहिलं. दीर तंबाखू मळत राहिला. गोजरबाईनं आतून कुंकवाचा करंडा आणला, मेणानं ते भोक बुजवलं आणि कपाळाला लावावं तसं वर कुंकू टेकवलं. कार्ड साहेबांना देताना ती दिराकडंच बघत होती. "आता वाचू द्या मशीनला."