फोडायला दिलेली संख्या

धरणाच्या दरवाजांचं कुलूप एका भल्यामोठ्या संख्येवर चालायचं. संख्या सगळ्यांना दिसेल अशी उघडीच असायची. तिचे दोन अवयव ज्याला सापडतील, त्याला दरवाजे उघडता येणार. निवृत्त गणित शिक्षक असलेले बाबा घरी बसून कावले होते, म्हणून धरणावर इंजिनिअर असलेल्या लेकीने तीच संख्या त्यांच्या हाती ठेवली. "बसा फोडत. जन्म जाईल, पण फुटायची नाही!"

आज ती कामावर निघताना बाबा हसत आडवे आले. "फुटली गं! दोन्ही अविभाज्य संख्या अगदी शेजारशेजारच्या. वर्गमूळ काढलं, तर तिथेच दडून बसलेल्या!"

तिने घाईने विचारलं, "बाबा, कुणाला सांगितलं नाहीत ना?"


"जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकलं की! सगळ्यांनी वाहवा केली. एकाने मात्र एवढंच विचारलं, 'सर, ताई अजून धरणावरच असतात ना?'"