दांडी धरायला माणूस

जमीनमोजणीचं यंत्र तिपाईवर बसवून मर्विनने सवयीने दोन्ही हात आडवे पसरले. म्हणजे, 'बरोबर आहे, ठोक खुंट.' समोरच्या माळावर मेंढ्यांखेरीज कुणी नव्हतं. एका मेंढीने मान वर केली आणि पुन्हा चरायला लागली. त्याने हात खाली घेतले, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून उगाचच मागे वळून बघितलं.

एकोणीस वर्षं त्या टोकाला रेमो मोजणीची दांडी धरून उभा असायचा. दुपारी गाडीच्या सावलीत बसून दोघं रेमोच्या आईने घरी केलेलं सलामी सॉसेज खायचे आणि भांडायचे. मर्विनच त्याच्या मागे लागला होता. "किती दिवस दांडी धरणार रे? मोजणीदाराची परीक्षा दे. खाणीत माझ्या दुप्पट मिळतील तुला." फॉर्मसुद्धा त्यानेच भरला. चार वर्षं जेवणाच्या सुट्टीत अभ्यास घेतला. रेमो पास झाला, पार पश्चिमेला लोखंडाच्या खाणीत मोजणीवर लागला आणि खरोखरच दुप्पट कमवू लागला. मर्विन हे ग्रिफिथ गावातल्या पबमध्ये सगळ्यांना कौतुकाने सांगे. मग घरी येऊन एकटाच जेवे.

रेमो गेल्यावर त्याने हे आपोआप मान वळवणारं यंत्र घेतलं. आता दुसऱ्या माणसाची गरजच उरली नव्हती, आणि एवढा मोठा माळ त्याला खायला उठत होता. तरीही त्याने पेपरात जाहिरात दिली, दांडी धरायला माणूस हवा म्हणून. आठ महिन्यांत एकाचाही फोन नाही. पोरं सरळ खाणींची वाट धरत होती. महिनाअखेरपर्यंत कुणी आलं नाही, तर धंद्याची पाटी उतरवायची, असं त्याने ठरवून टाकलं होतं. आज तीस तारीख होती.

खिशातला फोन वाजला.

"जाहिरात वाचली तुझी," रेमो म्हणाला.

मर्विनने लगेच विचारलं, "येतोस?"

"मी कशाला? तू ये इकडे. दांडी धरायची जागा आहे. पगार तुझ्या आत्ताच्या कमाईपेक्षा जास्त."

"मी तुझी दांडी धरू? गाढवा, पस्तीस वर्षं नकाशांवर माझी सही आहे!"

"तेच म्हणतोय. सह्या करून करून दांडी सरळ धरता येते की नाही कोण जाणे."

मर्विन हसला. किती दिवसांनी हसला, ते त्यालाच आठवेना. मग एकाएकी त्याला राग आला. पोरगं आपल्यावर दया करतंय की काय?

"तुमच्याकडे तर सगळी यंत्रं आपली आपण फिरतात म्हणे. मग माणूस कशाला लागतो?"



"लागत नाही," रेमो म्हणाला. "साहेबांना थाप मारून जागा काढायला लावलीय."